सोमारीचं काळीज आणि कुर्म्याचे दिवस

तुझ्याशी माझं भांडण अर्धं राहिलं, सोमारी, आणि अर्ध्या भांडणाची मला सवय नाही. माझ्या गावी, मूलला, आमच्या घरी भांडण मिटल्याशिवाय कुणी ताटावर बसत नसे. उपाशी भांडलं की लवकर मिटतं, असं माझी आई म्हणायची. तू मात्र भांडणाच्या ऐन मध्ये पोटभर जेवायचीस, हात धुवायचीस आणि "आता बोल" म्हणायचीस. मोहाची फुलं पडायला लागलीत. तुमच्या गावच्या बाया पहाटेच टोपल्या घेऊन उपकेंद्राच्या दारावरून जातात आणि त्यांत तू नाहीस हे मला रोज नव्याने कळतं. धानाची कापणी चालू होती तेव्हा तुला माती दिली. तेव्हापासून मी कुणाशी धड भांडलेले नाही.

मी नर्स म्हणून इथे आले तेव्हा मला गोंडीचं अक्षर येत नव्हतं. टोल्यांवर, लांबच्या वस्त्यांवर, लस टोचायला जायचं, मलेरियासाठी तापाच्या माणसांचं रक्त काचांवर घ्यायचं, तर सोबत बोलणारं कुणी हवं. सरपंचांनी तुला पाठवलं, कारण धानोऱ्याच्या बाजारात चारोळी विकता विकता तू मराठी शिकली होतीस. मी एखाद्या बाईला पोटातल्या लेकराबद्दल भाषणच द्यायची आणि तू गोंडीत एकच वाक्य बोलून मोकळी व्हायचीस. बाकीचं कुठं गेलं म्हणून मी चिडून विचारलं, तर म्हणालीस, "बाकीचं कामाचं नोहतं, बाई." त्या दिवसापासून मी कमी बोलायला लागले. माझ्या घरचे लोक हे खरं मानत नाहीत.

पण महिन्यातले काही दिवस तू यायची नाहीस. पाळी आली की तुमच्या गावची बाई कुर्म्यात जाते. गावाच्या कडेला कुडाची, ठेंगणी झोपडी. वाकून आत शिरायचं आणि पाळी संपेपर्यंत तिथेच राहायचं. घरचं भांडं शिवायचं नाही, शेतात पाय टाकायचा नाही, गावातल्या रस्त्याने चालायचं नाही. घरून जेवण आलं तर ते बाहेर ठेवायचं आणि आणणाऱ्याने मागे फिरायचं. पुरुषाने तर तिकडे फिरकायचंही नाही. मी पहिल्यांदा ती झोपडी पाहिली तेव्हा माझ्या अंगाची आग झाली.

तुला मी त्याचं कारण सांगितलं होतं. माझ्या आजीला विहिरीवर जाता येत नव्हतं. कुणीतरी वरून ओंजळीत पाणी ओतेल तेव्हा ती प्यायची. पुढे आमच्या लोकांनी बुद्धाचा धम्म घेतला आणि विटाळ हा शब्दच आमच्या घरातून हद्दपार झाला. सख्ख्या मेव्हण्याने तो शब्द तोंडातून काढला म्हणून माझ्या बापाने एकदा त्याला जेवणावरून उठवलं होतं. अशा घरातली मी, आणि माझी मैत्रीण दर महिन्याला आपल्या पायांनी जाऊन गावाबाहेर बसते.

तू म्हणालीस, "तुमच्या आजीले दुसऱ्यानं बाहेर ठेवलं. मी माह्या पायानं जातो. फरक आहे का नाई?"

"पाय तुझे असन, रस्ता कोणाचा आहे?" मी म्हणाले.

"तुले चार दिवस कोणी पाणी भरू नको म्हणते का? मले म्हणते. तिथी मी झोपतो, बायांसंगं हासतो, चिंचा फोडतो. घरी गेली का सासू आहे, नवरा आहे, ढोरं आहेत."

"आणि गेल्या पावसाळ्यात साप निघाला तो?"

"साप घरी बी निघते, बाई."

तुझ्यापुढे माझं काही चालायचं नाही. तरी मला अजून वाटतं की माझं बरोबर होतं, आणि हेही वाटतं की तुझं चूक नव्हतं. या दोन गोष्टी एकाच डोक्यात कशा ठेवायच्या ते तू सांगून गेली नाहीस.

तुझं पडणं मी पहिल्यांदा माझ्या डोळ्यांनी पाहिलं. लग्न होतं, तू आदल्या दिवशीच कुर्म्यातून न्हाऊन घरी आलेली. आपण दोघी मांडवाच्या खांबाला टेकून बसलो होतो आणि मागून एकाने एकदम ढोल वाजवला. तू काही न बोलता कलंडलीस. डोळे वर गेले, हात ताठ झाले. मी नाडी चाचपली तर हाताला काहीच लागेना, आणि मग एकदम लागली. बायांनी देव आला म्हणून हात जोडले, पुजारी तांदूळ घेऊन धावला. तोवर तू उठून बसली होतीस आणि जोगाला, तुझ्या नवऱ्याला, लोक काऊन जमले म्हणून विचारत होतीस.

घरी परतताना तू मला सांगितलंस, "हे पहिल्यांदा नोहे. कुर्म्यात होते मले. काही आवाज झाला, का कोणी झोपीतून एकदम उठवलं, का काळीज फडफडते अन् मंग काहीच नाई. बाकीच्या दिवसात नाई होत." आणि पुढे, "माही माय अशीच गेली. भाऊ झाल्यावर. बाळंतपण चांगलं झालं होतं तिचं. भात खाऊन बसली होती अन् गेली."

तुझ्या या बोलण्यावर मी त्याच दिवशी विश्वास ठेवला. पण विश्वासाने काय होतं, कागद लागतो. मी तुला एका दवाखान्यात नेलं, मग दुसऱ्या. दोन्हीकडे तुझ्या छातीला, हातापायांना तारा लावून ईसीजीची पट्टी काढली आणि दोन्हीकडे ती साफ निघाली. एकाने अशक्तपणा सांगितला, रक्तवाढीच्या गोळ्या दिल्या. दुसऱ्याने माझ्याकडे पाहून इंग्रजीत काही म्हटलं आणि मराठीत सांगितलं की बाईच्या मनावर ताण आहे, घरात सासूचा जाच आहे का विचारा. तू बाहेर येऊन इतकी हसलीस की शिपाई पाहायला आला. "सासूनं ऐकलं तं तिचंच काळीज बंद पडन," म्हणालीस.

आपण चुकत होतो ते एका साध्या गोष्टीत. तुला दवाखान्यात न्यायचं म्हणजे पाळी संपायला हवी, तू न्हायला हवीस, घर सारवून व्हायला हवं, धानाचं काम नसायला हवं आणि एसटी यायला हवी. इतकं सगळं जुळेपर्यंत तुझे वाईट दिवस कधीच मागे पडलेले असायचे. ज्या दिवसांत तुझं काळीज दगा द्यायचं त्या दिवसांत तू कुर्म्यात, आणि मशीनपुढे बसायचीस ती अगदी ठणठणीत होऊन. चोर पळून गेल्यावर आपण दर वेळी पंचनामा करत होतो.

गडचिरोली तेव्हा नुकतीच जिल्ह्याचं ठिकाण झाली होती. तिथे एका तरुण डॉक्टरांनी दवाखाना उघडला होता. मी एकटीच जाऊन त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी मध्ये मला तोडलं नाही, हेच मला नवीन होतं. शेवटी त्यांनी विचारलं, "हिला नेमकं कोणत्या दिवसांत होतं?" मी सांगितलं. म्हणाले, "मग तिला त्याच दिवसांत आणा. बाकीच्या दिवसांतल्या पट्ट्या आणून मला काही उपयोग नाही."

मी उड्या मारत आले आणि तू नाही म्हणालीस. मी काय काय बोलले नाही. तुझ्या मुलीची, बुधरीची, शपथ घातली. तुझी माय काढली. जीव मोठा की कुर्मा मोठा, असं विचारलं. तू चिंचा फोडत ऐकत होतीस. गावच्या रस्त्याने कुर्म्यातली बाई गेली आणि पुढे कुणाची गाय मेली, कुणाचं लेकरू तापलं, तर नाव तुझंच निघेल, आणि तुझ्या सासूला ते नाव घेऊन जगायचं आहे, असं तू म्हणालीस. मी म्हणाले, गेली गाय खड्ड्यात. तू हातातला दगड खाली ठेवलास.

"मी नाई येत, बाई. तुहा डॉक्टर काऊन नाई येत?"

इतक्या महिन्यांच्या भांडणात मी तुला झोपडीतून बाहेर काढायचाच विचार करत होते. मशीन आत जाऊ शकतं हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं, आणि खरं सांगायचं तर येऊही द्यायचं नव्हतं. तुला बाहेर काढण्यात मला माझ्या आजीचंही काही वसूल करायचं होतं.

आणि डॉक्टर आले, सोमारी. बॅटरीवर चालणारं मशीन राजदूत मोटरसायकलच्या मागे बांधून, नाल्यात गाडी बंद पडली तर ती ढकलत, घामाघूम होऊन आले. पण पुरुषाने कुर्म्याजवळ यायचं नाही. ते लांब बिब्याच्या झाडाखाली उभे राहिले आणि तिथून ओरडून मला सांगू लागले, ही तार डाव्या हाताला, ती उजव्या पायाला. मी उंबऱ्याच्या आत वाकून बसलेली. कुर्म्यात आणखी दोघी होत्या. त्या हसू दाबत होत्या आणि तू त्यांना गोंडीत काहीतरी सांगून आणखी हसवत होतीस. डॉक्टर तिकडून ओरडले, "पेशंटला हलू देऊ नका." मी म्हणाले, "हसणं थांबल्याशिवाय हलणं थांबणार नाही, साहेब." तुझी सासू लांब वाटेवर पाठ फिरवून उभी होती. तिने होही म्हटलं नव्हतं आणि नाहीही.

पट्टी निघाली. ती हातात घेऊन डॉक्टर बिब्याखाली उकिडवे बसले आणि आधीच्या पट्ट्या शेजारी मांडून त्यांनी मला समजावलं. हृदयाचा प्रत्येक ठोका झाला की ते पुढच्या ठोक्यासाठी पुन्हा तयार होतं. त्याला थोडा वेळ लागतो. तुझ्या हृदयाला त्या दिवसांत फार जास्त वेळ लागत होता, आणि ते तयार होण्याआधीच दचकल्याचा धक्का बसला की सगळी लय विस्कटायची. नुसतं थरथरत राहायचं, रक्त पुढे जायचं नाही. लय आपोआप परत आली तर माणूस उठून बसतं.

"नाही आली तर?" मी विचारलं. त्यांनी पट्टी गुंडाळायला घेतली.

महिन्याच्या त्या दिवसांतच का, हेही मी विचारलं. ते म्हणाले, बाईच्या रक्तात दोन मुख्य हार्मोन असतात. महिनाभर ती वरखाली होतात, आणि पाळीच्या सुमाराला दोन्ही खाली आलेली असतात. बाईच्या हृदयाला पुरुषापेक्षा पुन्हा तयार व्हायला थोडा जास्त वेळ लागतो हे जुन्या पुस्तकांत आहे, पण का, ते कुणी नीट सांगितलेलं नाही. या हार्मोनचा त्यात हात असावा. यातलं एक वेळ लांबवत असेल आणि दुसरं आवरून धरत असेल, आणि आवरणारं उतरलं की हिच्यासारखीचा तोल जात असेल. "हा माझा अंदाज आहे," म्हणाले, "पुस्तक नाही." अंदाज आहे असं सांगणारा डॉक्टर मी पहिल्यांदाच पाहत होते, म्हणून मला ते खरं वाटलं.

हे सगळं मी तुला सांगितलं तेव्हा तू तुझ्या पद्धतीने त्या दोघींना एका वाक्यात सांगितलंस. काय सांगितलं म्हणून मी विचारलं. "दोन नांगरे बैल आहेत म्हटलं. एक थकला का दुसरा गाडी खड्ड्यात नेते." मला हेवा वाटला तुझा.

त्यानंतर गोळी सुरू झाली. काळजाला दचकू न देणारी, रोज घ्यायची. डॉक्टरांनी मला बजावलं की हिला ताप आला तर विचारल्याशिवाय कुनैन द्यायचं नाही, तेही हृदयाचा तोच वेळ लांबवतं. आणि आपला हा मुलूख तर मलेरियाचा. हे घराण्यात उतरतं असंही ते म्हणाले. बुधरीची पट्टी आपण गडचिरोलीला जाऊन काढली, ती साफ आली. "हिला पाळी येऊ द्या," डॉक्टर म्हणाले. "मग पुन्हा काढू. त्या दिवसांतच." तू मान हलवलीस आणि मला वाटलं तू ऐकलंच नाहीस.

तुझ्या पोटात दुसरं लेकरू आलं तेव्हा मी घाबरले होते. तू मात्र कधी नव्हे इतकी छान होतीस. पूर्ण नऊ महिने काळीज एकदाही फडफडलं नाही. गाल भरले, मोठ्याने हसायचीस, टोल्यावर चालताना माझ्या पुढे असायचीस. "मले असंच पोटुशी राहू दे, बाई," म्हणायचीस. डॉक्टरांना मी ते सांगितलं तर ते विचारात पडले. पोटुशी असताना ती दोन्ही हार्मोन खूप चढलेली असतात, म्हणाले, आणि बाळंत झाली की धाडकन उतरतात. तिला त्यानंतर जपा. दुसरीही मुलगीच झाली. मी जपलं, सोमारी. तुझी गोळी एक दिवसही चुकली नाही. बाळंतीणही तुमच्याकडे लेकरासकट कुर्म्यातच राहते, म्हणून तुझी सासू त्या वाटेवर कुणाला मोठ्याने बोलू देत नव्हती. कोंबडे तिने दुसऱ्या टोकाला नेऊन डालले होते. गोळी धोका कमी करते, संपवत नाही, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. मी ते ऐकलं होतं, पण मनात घेतलं नव्हतं.

तू कशी गेलीस ते मला कुर्म्यात तुझ्या शेजारी झोपलेल्या बाईने सांगितलं. उजाडत होतं. तू गाढ झोपेत होतीस. धाकटी एकदम कळवळून रडली, तू दचकून उठून बसलीस, तिच्याकडे हात केलास आणि आडवी झालीस. मी येईपर्यंत उन्हं अंगणात आली होती. मी तुझी छाती दाबत राहिले, जोगाने माझे हात धरेपर्यंत. धाकटी तेव्हा शांत झोपली होती.

आता मी तुला ते सांगते जे गावात कुणाला सांगितलेलं नाही. गाव म्हणतं, त्या तारांनी घात केला. कुर्म्यात लोखंड नेलं, परक्या पुरुषाची नजर नेली, म्हणून सोमारी गेली. तुझी सासू मला उंबऱ्यावरून म्हणाली, "तुह्या मशीननं नेलं तिले. बुधरीले हात नको लावू." मी तिथेच सांगू शकले असते की मशीनने नाही नेलं, दचकून उठल्याने नेलं. पण मग पुढचा प्रश्न आला असता, कशाने दचकली. आणि शेजारच्या बाईने आवाज ऐकलाच होता, तिने फक्त त्या रडण्याचा आणि तुझ्या जाण्याचा मेळ घातला नव्हता. तो मेळ मी घालून दिला असता तर तुझी धाकटी जन्मभर आईला खाल्लेली पोर म्हणून वाढली असती. तुमच्याकडेच असं म्हणतात असं नाही, आमच्या मूललाही म्हणतात, धम्म घेतलेल्या घरांतही म्हणतात. लेकरू भुकेने रडलं, एवढाच त्याचा गुन्हा.

म्हणून मी खाली मान घातली आणि मशीनवरचा आळ मशीनवर राहू दिला. पण त्याची किंमत बुधरीच्या वाट्याला येत होती. तिचं अंग भरायला लागलं होतं. आज ना उद्या तिला पाळी येणार, ती कुर्म्यात जाणार, आणि त्या दिवसांत तिची पट्टी निघाली नाही तर तिच्या छातीत काय आहे ते कुणाला कळणार नव्हतं. एका मुलीला वाचवायला तोंड उघडावं तर दुसरी मरणार, नुसती जिवंत राहून. हा सगळा हिवाळा मी हेच चघळत काढला. तुला शिव्याही दिल्या, तू असतीस तर एका वाक्यात सोडवलं असतंस म्हणून.

गेल्या आठवड्यात, सकाळी मी काचा धूत होते. फाटकाबाहेर बुधरी उभी दिसली. आत ये म्हटलं तर येईना. ओढणी कमरेला गुंडाळलेली. मी जवळ गेल्यावर खाली बघत म्हणाली, "बाई, मले आलं."

"घरी सांगितलं?"

"नाई. माय म्हणे, पहिल्यांदा आलं का घरी नको सांगू, कुर्म्यात नको जाऊ. आधी बाईकडे जाजो. कुर्मा कुठी पळून नाई जात म्हणे."

माय हे कधी म्हणाली, ते मी विचारलं. धाकटी पोटात असताना, म्हणाली. म्हणजे तू त्या दिवशी दवाखान्यात ऐकलं होतंस. स्वतःसाठी जो रस्ता कधी ओलांडला नाहीस तो मुलीला ओलांडायला सांगून बसलीस, आणि माझ्याशी मात्र त्यानंतरही कुर्म्यावरून हुज्जत घालत राहिलीस. मला जिंकल्यासारखं मुळीच वाटलं नाही. तू मला हे तोंडावर का नाही सांगितलंस, एवढंच वाटलं, आणि फार राग आला, आणि मग तुझी इतकी आठवण आली की पोरीसमोर मला तोंड फिरवावं लागलं.

आम्ही गावाबाहेरच्या वाटेने सडकेवर आलो आणि एसटी धरली. ती बाकावर बसेना. विटाळ होईल म्हणाली. मी तिला हाताला धरून माझ्या अंगाशी बसवलं. थोड्या वेळाने तिने विचारलं, "मायले दुखलं असन का?" मी म्हणाले, "नाई. दुखाले वेळच नोहता." हे मला डॉक्टरांनी सांगितलेलं आहे, तिच्यासाठी रचलेलं नाही. ती खिडकीबाहेर पाहत राहिली.

पट्टी निघाली. तुझ्यासारखीच. डॉक्टरांनी तिची पट्टी तुझ्या पट्टीशेजारी धरली. वेळेत कळलं, असं मग ते म्हणाले. गोळी त्याच दिवशी सुरू केली. आजवर ती कधी पडलेली नाही, आणि आता पडू नये यासाठी जे जे माहीत आहे ते करायचं, त्याहून जास्त मला तुला वचन देता येत नाही.

परतल्यावर मी तिला कुर्म्यात जाऊ नको असं म्हणाले नाही. जायचं का, असं विचारलं. ती जातो म्हणाली. मी तिच्यासोबत झोपडीपर्यंत गेले. तुझी सासू वाटेवरच होती, धाकटी तिच्या कडेवर. मी मनात सगळी उत्तरं जुळवली. म्हातारीने बुधरीला आत जाऊ दिलं, मग माझ्याकडे वळली.

"सकाळी तुह्याकडे जाताना पाह्यलं म्या तिले," ती म्हणाली. "मी तोंड फिरवलं."

तिने धाकटीच्या तोंडावरची माशी उडवली.

"गोळी देल्ली का डॉक्टरनं?"

"हाओ. रोजची आहे. कुर्म्यात बी घ्या लागते."

"भातासंगं ठेवत जाईन," तिने हात पुढे केला. मी पाकीट दिलं. तिने ते पदराला बांधलं, गाठ नीट बसली का ते ओढून पाहिलं. धाकटी तिच्या खांद्यावरून माझ्याकडे बघत होती, अगदी तुझ्यासारखी, काही न ठरवता. म्हातारीने तिला या कडेवरून त्या कडेवर घेतलं.

"हे मोठी झाली का हिले बी नेजो," म्हणाली. मी हो म्हटलं.